नवमीच्या पाटावरचं ड्रिल

"ठेव की पूजेला. हळदीकुंकवानं मोटार काय जळत न्हाई."

हे वाक्य ज्ञानोबा सोनकांबळे एकदाच बोलला. लातुरात, एका रेडिओच्या दुकानात, खंडेनवमीच्या सकाळी. बाजारातले लोक ते पुढं बरीच वर्षं एकमेकांना सांगत राहिले, काही हसून, काही हळहळून. ज्ञानोबानं मात्र त्यानंतर कुणाला काही ठेवायला सांगितलं नाही.

तो मूळचा मुखेड तालुक्यातला. बापानं छप्पन्न सालानंतर गावकीची कामं सोडली आणि पोराला नांदेडला वायरमनच्या वर्गात घातलं. बाहत्तरच्या दुष्काळात गावात दिवेच नव्हते तर वायरी कुणाच्या ओढायच्या, म्हणून एकविसाव्या वर्षी तो लातूरला आला. बाजाराच्या गोलाईतून फुटणाऱ्या एका रस्त्यावर गुंडप्पांचं दुकान होतं. पाटीवर लिहिलेलं, 'गुंडप्पा अँड सन्स, रेडिओ व ट्रान्झिस्टर'. गुंडप्पा औशाचे लिंगायत, कापडाच्या धंद्यातून रेडिओत आलेले. रेडिओ विकायला त्यांना येत होतं, उघडायला येत नव्हतं. ज्ञानोबानं पहिल्या दिवशी एक मुका पडलेला रेडिओ उघडला, त्यातून मेलेली पाल काढली, कथलाचा एक डाग दिला आणि रेडिओ बोलायला लागला. गुंडप्पांनी त्याला मागच्या खोलीतलं स्टूल दिलं. ते स्टूल मग चौदा वर्षं त्याचंच राहिलं.

गुंडप्पांचा थोरला मुलगा शिवमूर्ती त्याच्याच वयाचा. पुढं शिवमूर्ती, मागं ज्ञानोबा. दिवसभरात जे यायचं ते संध्याकाळी दोघांत व्हायचं. कागद कधी झाला नाही. कागदाची गोष्ट निघण्यासारखं त्यांच्यात काही नव्हतं. दोघं एका कपातला चहा बशीत ओतून वाटून प्यायचे. शिवमूर्तीच्या घरी सणाला जेवण असलं की त्याची आई बसम्मा ज्ञानोबाचं ताट बाहेरच्या सोप्यात मांडायची. मग शिवमूर्ती आतलं आपलं ताट उचलून सोप्यात यायचा आणि त्याच्या शेजारी बसायचा. ते उचलून आणलेलं ताट ज्ञानोबा विसरला नाही. त्या एका ताटावर त्यानं फार मोठी इमारत उभी केली होती.

लातूर जिल्हा झाला तेव्हा गुंडप्पा नव्हते. ब्याऐंशीच्या ऑगस्टात रस्त्यांवर कमानी उभ्या राहिल्या, भाषणं झाली. मग उस्मानाबादेहून फायलींनी भरलेल्या ट्रका यायला लागल्या. भाड्याच्या घरांवर कचेऱ्यांचे फलक लागले. रोज काहीतरी नवं निघत होतं. पाणी तेवढं नवं निघत नव्हतं. पुढच्या दोन-तीन वर्षांत पाऊस येतो म्हणून यायचा आणि दारातून परत जायचा. पंच्याऐंशी साली तर विहिरींच्या तळाला खरवडल्याचे आवाज येत होते. ज्ञानोबाची बायको धुरपताबाई रोजगार हमीवर खडी फोडायला जात होती. संध्याकाळी ती यायची तेव्हा तिच्या पापण्यांवर दगडाची भुकटी असायची. ती भुकटी पाण्यानं धुवायची नाही असं घरात ठरलेलं होतं, फडक्यानं पुसायची.

"डोळे तरी धू," ज्ञानोबा म्हणायचा.

"तुमच्या त्या पाट्या धुवाय लागतंय की पाणी. माझे डोळे काय, उद्या पुन्ना भरणारच हायेत."

त्या पाट्यांची गोष्ट अशी. त्या वर्षी शेतकरी दुकानात रेडिओ आणत नव्हते. शेजारच्या रिवायंडिंगवाल्याकडं जळालेल्या मोटारी आणत होते. वीज कधीही येणार, म्हणून पंपाचं बटण चालू करून ठेवायचं. वीज आली की मोटार सुरू. विहिरीत पाणी घटकाभराचं. पाणी संपलं तरी मोटार फिरतच राहायची, कोरडी, आणि जळायची. एकदा औशाकडचा एक म्हातारा जळकी मोटार फटफटीवर बांधून आला. दुकानासमोर उभा राहून म्हणाला, "हिला येवढं कळू ने का रं, की खाली काय बी राह्यलं न्हाई?"

ज्ञानोबाला ते लागलं. त्यानं एक साधं सर्किट जुळवलं. दोन तारा विहिरीत सोडायच्या. त्या पाण्यात आहेत तोवर मोटार चालेल. पाणी तारांच्या खाली गेलं की रिले सुटेल आणि स्टार्टर बंद. लोक त्याला 'राखणदार' म्हणू लागले. पहिला राखणदार त्याच म्हाताऱ्याच्या विहिरीवर बसला आणि त्याची मोटार वाचली. मग मागणी आली.

मागणी आली तशी अडचण आली. प्रत्येक राखणदाराला सर्किटची एक पाटी लागायची. ती तो घरीच करायचा. एका बाजूला तांबं चिकटवलेला फायबरचा पत्रा हैदराबादेहून यायचा. त्यावर तारांच्या वाटा रंगानं काढायच्या, मग तो फेरिक क्लोराईडच्या पाण्यात हलवत ठेवायचा. रंगाखालचं तांबं राहतं, उघडं तांबं ते पाणी खाऊन टाकतं. रंगासाठी त्यानं सगळं करून पाहिलं आणि शेवटी नेलपॉलिशवर आला. बांगड्यांच्या दुकानातली कस्तुराबाई त्याला बाटली देताना दर वेळी विचारायची, "धुरपतीच्या नखाला लावतूस का तुझ्या त्या पाटीला?"

"पाटीला."

"मंग पाटीसंगंच संसार कर की. लाल देऊ का गुलाबी?"

"वाळतंय लवकर ते दे."

इथवर ठीक होतं. पण एका पाटीत सव्वीस भोकं. एक मिलिमीटरची, सुईच्या अंगाची. त्यांतून सुट्या भागांचे पाय खाली उतरवायचे आणि डाग द्यायचा. दाभण तापवून पाहिली, पत्रा करपला. वेल्डिंगवाल्याच्या मोठ्या ड्रिलखाली धरून पाहिलं, बारीक बिट काडीसारखं मोडलं. शेवटी बिट लाकडी मुठीत ठोकून बोटांनी फिरवत भोकं पाडायला लागला. आठवड्यात अंगठ्याची कातडी गेली. तो डाव्या हातानं जेवायला लागला.

हातात धरायचं, पेनासारखं हलकं ड्रिल मुंबईला मिळतं असं कुणी सांगितलं. ज्ञानोबानं मुंबईला चौकशी केली नाही. मागच्या खोलीत देगलूरच्या एका कापडवाल्यानं सोडून दिलेला टेपरेकॉर्डर पडून होता, आत एक तेलुगू गाण्यांची कॅसेट अडकलेली. त्यानं त्याची मोटार काढली.

टेपच्या मोटारीत एक गव्हर्नर असतो. गाणं पळू नये म्हणून तो मोटारीला एका गतीत धरून ठेवतो. ज्ञानोबानं मोटार उघडून गव्हर्नरच्या तारा कापल्या आणि वीज सरळ आत जोडली. मोटार अशी किंचाळली की शिवमूर्ती पुढचं गिऱ्हाईक सोडून आत आला.

"आयला, ज्ञानबा! किती पळून राहिली ही!"

"जल्मभर धरून ठिवलं होतं तिला. आपुन किती पळतो ते तिलाबी ठाऊक नव्हतं."

मोटारीच्या दांड्यावर बिट बसवायचं कसं, यात अकरा दिवस गेले. घरातल्या वायरिंगला जोडपट्टी असते, तिच्यात पितळेची छोटी नळी असते, दोन्हीकडून तारा घालून स्क्रूनं आवळायची. त्यानं ती नळी घेतली. एका तोंडात मोटारीचा दांडा, दुसऱ्या तोंडात बिट. पण बिट दांड्याहून बारीक. स्क्रू आवळला की ते नळीच्या एका अंगाला जायचं आणि मोटार सुरू केली की टोक गोल फिरायचं, नेमकं कुठं टेकायचं ते ठरूच द्यायचं नाही. बाराव्या दिवशी त्यानं बिटाच्या मागच्या अंगावर केसाइतकी बारीक तांब्याची तार गुंडाळली, वेढ्याला वेढा लावून, मग त्यावर डाग फिरवला आणि कानशीनं घासत घासत ते नळीत जेमतेम शिरेल एवढंच जाड ठेवलं. आता स्क्रू आवळला तरी बिटाला सरकायला जागाच नव्हती. मोटार सुरू केली. टोक जागच्या जागी फिरत होतं, इतकं स्थिर की फिरत नाही असं वाटावं.

मूठ म्हणून त्यानं तीन सेलच्या जुन्या टॉर्चची नळी वापरली. बल्बाच्या जागी मोटार, मागून वायर, वायर सेलऐवजी वीज पुरवणाऱ्या एलिमिनेटरला. टॉर्चचं बटण अंगठ्याखाली तसंच ठेवलं. पहिल्या पाटीची भोकं त्यानं पाऊण तासाऐवजी चार मिनिटांत पाडली. पांढरी भुकटी उडाली. ती त्याच्या पापण्यांवर बसली. संध्याकाळी धुरपताबाईनं त्याच्याकडं पाहिलं आणि पहिल्यांदा मोठ्यानं हसली.

"तुमीबी खडी फोडून आलाव का?"

दुकानात तिसरा एक होता. शिवमूर्तीचा धाकटा भाऊ बसवंत. सव्वीस वर्षांचा, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षात दोनदा अडकलेला, लग्न झालेलं, बायको उदगीरला माहेरी बसलेली, नोकरी लागल्याशिवाय येणार नाही म्हणून. तो दिवसभर दुकानाच्या पायरीवर बसून वर्तमानपत्रातल्या जाहिराती वाचायचा. औशाच्या शेतातली विहीर आटली, तिथून येणारं धान्य बंद झालं, तेव्हापासून शिवमूर्ती त्याच्याकडं पाहायचं टाळायचा. ज्ञानोबानंच एक दिवस त्याला आत बोलावलं.

"बस हितं. धर."

"मला जमंल का, दादा?"

"दाबू नको. त्येच्या वजनानं जाऊ दे. हातानं फकस्त सरळ धरायचं. भोक ते पाडतंय, तू न्हाई."

बसवंतनं पहिल्या आठवड्यात सात बिटं मोडली. सातव्याला शिवमूर्ती बाहेरून ओरडला, "बस कर, बाबा! हैदराबादला झाडाला लागतेत का ते?"

"मोडू दे," ज्ञानोबा म्हणाला. "सात मोडल्याबिगर हाताला कळत न्हाई. माझी नऊ मोडली."

आठवं मोडलं नाही. ज्ञानोबाला शिकवायला आवडतं, हे त्याला स्वतःला तेव्हा कळलं. त्या दिवशी तो घरी जाताना उगाच लांबच्या रस्त्यानं गेला.

मग खंडेनवमी आली.

गुंडप्पांचा एक नेम होता. अष्टमीला दुकानातली उसनी आणलेली प्रत्येक वस्तू परत करायची. शेजाऱ्याची पकड, गिऱ्हाइकाचा मीटर, काहीही. नवमीला पाटावर फक्त आपलं. "जे आपलं न्हाई त्येची पूजा करू ने," असं ते म्हणायचे. पाट मांडायचा, हत्यारांना विभूतीचे तीन पट्टे ओढायचे, हळदकुंकू, फुलं, आणि मग समोरच्या फोटोवाल्याला बोलवून पाटासकट फोटो. दर वर्षीचा फोटो, मागं तारीख आणि सही. गोलाईतल्या सगळ्या दुकानदारांना हा नेम माहीत होता. थट्टेनं म्हणायचे, गुंडप्पाच्या पाटावर गेलेलं हत्यार कोर्टातूनबी परत येत न्हाई.

नेम ज्ञानोबालाही माहीत होता. दर अष्टमीला उसनी हत्यारं परत करायला तोच जायचा. त्याची स्वतःची पकड आणि स्क्रू ड्रायव्हर तो आपल्या पिशवीत घालून घरी न्यायचा. त्याच्या घरी पूजा होत नव्हती, आणि तेरा वर्षं पाटावर त्याची वस्तू मांडायचा प्रश्न कुणी काढला नव्हता.

त्या नवमीला सकाळी तो पिशवी घेऊन निघायच्या तयारीत दुकानात आला. धुरपताबाई बसस्टँडवर थांबली होती. आधी नांदेड, तिथून रात्रीच्या गाडीनं नागपूर. दसऱ्याला दीक्षाभूमीवर पोचायचं होतं. शिवमूर्ती पाट पुसत होता. झेंडू त्या साली कुठंच नव्हता, त्यानं कण्हेरीची फुलं आणली होती. ज्ञानोबानं ड्रिल पिशवीत घालायला उचललं, तसा शिवमूर्ती म्हणाला,

"ते ठेव."

"कशाला?"

"पाटावर मांडावं म्हणतो. ह्या साली दुकान त्येच्यावरच चाललं." मग जरा थांबून, खाली बघत, "तुला चालत आसलं तर. तुमच्यात ते... न्हाई ना."

ज्ञानोबा हातात ड्रिल धरून उभा राहिला. जे आपलं नाही ते पाटावर नाही. म्हणजे जे पाटावर आहे ते आपलं. शिवमूर्ती म्हणतोय की तुझं ते आपलं. सोप्यात उचलून आणलेल्या ताटासारखंच हे, त्याला वाटलं. तेरा वर्षांनी कुणीतरी त्याला उंबऱ्याच्या आत धरलं होतं, आणि तेही त्याला काही मानायला न लावता. तो हसला, आणि हळदीकुंकवाचं ते वाक्य बोलला. आपल्या हातानं त्यानं ड्रिल पाटाच्या मधोमध ठेवलं. वायर गुंडाळून नीट बाजूला केली. मग बस चुकू नये म्हणून पळाला. फोटो निघाला तेव्हा तो नांदेडच्या वाटेवर होता.

उन्हाळ्यात जाहिरात आली. नव्या जिल्ह्याच्या नव्या तंत्रशाळेत रेडिओ व टीव्ही दुरुस्तीचा वर्ग निघणार होता, शिकवायला शिल्पनिदेशक हवा होता. पदवीची अट नव्हती. वयाची होती, पस्तीस. ज्ञानोबाला जूनमध्ये पस्तीस पुरी होत होती. शेवटी एक ओळ होती: उमेदवारानं स्वतः तयार केलेलं उपकरण आणि त्यानं केलेल्या कामाचा नमुना सोबत आणावा.

ती ओळ त्यानं धुरपताबाईला तीनदा वाचून दाखवली.

"म्हंजी तुमचंच नाव ल्ह्यायचं राह्यलंय निस्तं," ती म्हणाली. मग हातातलं फडकं झटकत, "लागली तर मी खडीवर जानार न्हाई. सांगून ठिवते. येक दिवस जानार न्हाई."

"नको जाऊ."

"आन् डोळे धुनार. बादलीभर पाण्यानं."

मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी तो ड्रिल न्यायला दुकानात गेला. शिवमूर्तीनं त्याला बसवलं आणि चहा मागवला. तो पिऊन झाला तसा आणखी एकदा मागवला. एक दुरुस्त झालेला ट्रान्झिस्टर हातात घेऊन तो उगाच काटा फिरवत होता, कुठल्याच स्टेशनवर थांबत नव्हता.

"ड्रिल मीच घेऊन येतो उद्या," तो म्हणाला. "सायबासमोर दोन शब्द बोलावं लागतेत. दुकानदार माणूस सांगतोय म्हनल्यावर वजन पडतंय."

"येतूस? दुकान बंद ठिवून?"

"ठिवतो की."

ज्ञानोबाला आता काही काळजी राहिली नाही. जाताना तो म्हणाला, "शिवा, तू आलास तर लईच बरं हुईल." शिवमूर्तीनं ट्रान्झिस्टर बंद केला.

तंत्रशाळा अजून तरी कापसाच्या एका जुन्या जिनिंगच्या आवारात होती. भिंतीवर यादी लावलेली. ज्ञानोबानं आपलं नाव शोधलं, सहावं. पाचवं बसवंत गुंडप्पा. त्याला आधी वाटलं आपण चुकून वाचलं. मग बसवंत दिसला, इस्त्रीचा शर्ट, हातात कागदाची पिशवी.

"तूबी भरलास व्हय रं?"

"शिवादादानं भराय लावला," बसवंत जमिनीकडं बघत म्हणाला.

"भर की. दोघांतलं कुणीबी लागलं तरी दुकानाचंच माणूस." ज्ञानोबानं त्याच्या पाठीवर थाप मारली. "घाबरू नको. इचारलं तर सरळ सांगायचं, दाबायचं न्हाई." तेवढ्यात शिवमूर्ती आला. बसवंतचं नाव पुकारलं गेलं आणि दोघं भाऊ बरोबरच आत गेले. ओळख सांगायला गेला असेल, ज्ञानोबाला वाटलं. माझ्या वेळीही येईल.

आतून मोटारीचा ओळखीचा आवाज आला. तो ऐकत उभा राहिला. एक भोक. दोन. तीन. आवाज कुठं अडला नाही. हात चांगला बसलाय पोराचा, त्याच्या मनात आलं, आणि त्याला बरं वाटलं. मग दोघं दुसऱ्या दारानं बाहेर पडले आणि त्याचं नाव आलं.

टेबलामागं दोघं होते, एक अध्यक्ष, दुसरे औरंगाबादहून आलेले जाणकार. ज्ञानोबानं आपल्या तीन पाट्या पुढं ठेवल्या. जाणकारांनी एक उचलून उजेडाकडं धरली. सव्वीस भोकांतून उजेडाचे सव्वीस ठिपके त्यांच्या शर्टावर पडले.

"सुरेख. कशानं पाडलीत?"

"ड्रिलनं, साहेब. हाती धरायचं. मीच बनवलंय. माझा दोस्त घेऊन..." बोलता बोलता त्याची नजर टेबलाच्या कडेला गेली. रुमालावर ड्रिल ठेवलेलं होतं. त्याचा चेहरा खुलला. "हे काय, हेच की!"

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"हे तर आधीच्या उमेदवाराचं उपकरण आहे," अध्यक्ष म्हणाले. "त्यांनी पुरावाही दिलाय." त्यांनी एक फोटो पुढं सरकवला.

पाट. कण्हेरीची फुलं. मधोमध ड्रिल, विभूतीचे तीन पट्टे ओढलेलं. पाटामागं हात जोडलेले शिवमूर्ती आणि बसवंत. ज्ञानोबानं फोटो उलटा केला. तारीख होती, सही होती.

"यात तुम्ही कुठं आहात?"

"मी नागपूरला गेलतो."

"नवमीला?"

"दसऱ्याला तिथं पोचाय लागतंय."

जाणकारांनी मान खाली घातली आणि समोरचा कागद वाचू लागले. अध्यक्षांनी शिपायाला पाठवून शिवमूर्तीला परत बोलावलं. तो आला आणि ज्ञानोबाच्या शेजारची खुर्ची रिकामी असूनही उभाच राहिला.

"हे ड्रिल कुणाचं?"

"आमच्या दुकानाचं, साहेब."

"बनवलं कुणी?"

"आमच्या वडलांचा नेम हाय, साहेब. जे आपलं न्हाई ते आमी पाटावर मांडत न्हाई. अख्ख्या बाजाराला इचारा."

"शिवा," ज्ञानोबा हळूच म्हणाला, "बनवलं कुणी, ते इचारून राहिलेत साहेब."

शिवमूर्तीनं त्याच्याकडं पाहिलं नाही. त्याच्या कपाळावरच्या विभूतीतून घाम उतरत होता. "दुकानात झालं, साहेब. दुकानातल्याच मालानं."

"आधीचे उमेदवार तर फार छान समजावत होते," जाणकार कागदातून मान न काढता म्हणाले. "'भोक ते पाडतंय, मी नाही.' शिकवायची हातोटी आहे त्यांना."

ज्ञानोबाजवळ सांगण्यासारखं अजून पुष्कळ होतं. कापलेल्या गव्हर्नरच्या तारा होत्या. बिटावर गुंडाळलेल्या तारेचे वेढे होते, ते किती आणि का, हे जगात त्यालाच ठाऊक होतं. नळी सोडवून दाखवायला एक मिनिट लागलं असतं. त्यानं हात पुढंही केला. तेवढ्यात अध्यक्षांनी शिवमूर्तीला शेवटचं विचारलं.

"हे गृहस्थ तुमच्या दुकानात कोण?"

खोलीत पंखा होता, वीज मघाशीच गेली होती. ज्ञानोबाचा हात टेबलावर थांबला. त्यानं मान वळवून शिवमूर्तीकडं पाहिलं. ड्रिलचं उत्तर काय येणार ते त्याला आता कळलं होतं. या प्रश्नाचं उत्तर मात्र त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं, चौदा वर्षं त्यानं ते विचारलं नव्हतं. आणि आता ते ऐकल्याशिवाय त्याला तिथून हलता येत नव्हतं.

शिवमूर्तीनं घसा साफ केला.

"आमच्याकडं कामाला हाय, साहेब. माणूस लई इमानी हाय."

"मग प्रश्न मिटला," अध्यक्ष म्हणाले आणि ज्ञानोबाकडं वळले. "तुम्हाला आणखी काही सांगायचंय?"

ज्ञानोबानं टेबलावरचा हात मागं घेतला. आपल्या तीन पाट्या एकीवर एक ठेवल्या, त्यांच्या कडा जुळवल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या. नांदेडचा दाखला घडी घालून खिशात ठेवला. शिवमूर्ती दाराच्या वाटेतच उभा होता. तो बाजूला सरकला.

"ज्ञानबा, ऐक जरा..."

ज्ञानोबा त्याच्या शेजारून निघाला. बाहेर येऊन त्यानं चपला पायात घातल्या, यादीपुढं उभ्या असलेल्या माणसांमधून वाट काढली आणि जिनिंगच्या आवारातून फाटकाकडं चालू लागला.